अकरा जणींची ओटी

जे झालं ते मी हौसेनं केलं, हे आधीच सांगून टाकते. कुणी माझे कान भरले नव्हते, कुणी मला फसवलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माईक मी मागवला आणि अकरा बायकांची नावं त्यात मीच घेतली. मोठ्यानं घेतली.

आमचं घर शिरोलीत, एमआयडीसीच्या वाटेवर. पुढं माझा मिरची कांडायचा डंक, मागं आम्ही राहतो. वाळलेली मिरची, खोबरं, लसूण घेऊन बायका येतात, मी मशीनवर कांडून चटणी करून देते. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. माती होऊन आठवडा झाला नसेल, भावकीतले चौघं दारात. म्हणे डंक विकून टाक, बाईमाणसाला झेपायचा नाही. मी म्हटलं, "मिरचीचा खकाणा ज्याला सोसंल त्यानं घ्यावा. या की आत." उंबऱ्यावरच शिंकायला लागले, आत कोण आलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पण डंकाचा आवाज बदलला तर मी चुलीपुढं बसून सांगते, मिरची दमट आहे म्हणून.

माझी पोरगी पवित्रा. एकच. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, आणि त्यावर मला कुणी विचारलेलं मी खपवून घेत नाही. पुण्यातल्या एका संस्थेत ती सामाजिक न्यायाचं संशोधन करते. म्हणजे सरकारनं गरिबासाठी कायदा केला, तर तो त्याच्यापर्यंत पोचला का, नाही पोचला तर कुठं अडला, हे गावोगाव फिरून शोधायचं आणि लिहायचं. मी लोकांना सोपं करून सांगायची, सरकारच्या चुका काढते. तर शालूबाईनं एकदा भर लग्नाच्या पंगतीत विचारलं, "मग आक्का, पगार कोण देतंय तिला? चुकलेलं सरकारच?" सगळी पंगत हसली. ते हसणं मी विसरले नाही.

शालूबाई म्हणजे प्रभुलिंगची बायको. आमच्यातलीच, लिंगायत. फौंड्र्यांना कामाच्या बायका पुरवायचा ठेका प्रभुलिंगकडं. रोज सकाळी सातला त्याची पांढरी गाडी आमच्या कोपऱ्यावर येते, बायका डबे घेऊन चढतात. फौंड्रीत लोखंड ओततात त्या साच्याच्या पोटात वाळूचे आकार बसवावे लागतात, त्याला कोअर म्हणतात. ते करायचं काम या बायकांचं. वाळूत कसलं औषध घालतात देव जाणे, त्याचा वास डोळ्यात जातो. माझ्या मिरचीनं पाणी आलं तर पदरानं पुसलं की गेलं. त्यांचे डोळे रविवारीसुद्धा लाल.

पवित्रानं त्यांच्यावर दोन वर्षं काम केलं. कायद्यानं त्यांना काय मिळायला पाहिजे आणि काय मिळतंय, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. पण बोलायचं कुठं? घरी बोलावं तर शेजारी कान देतात, कामावर तर विषयच नाही. मग मीच वाट काढली. बोलायला तयार झालेल्या अकरा जणींनी मिरची घेऊन डंकावर यायचं, मी मशीन चालू करायचं, आणि मागच्या खोलीत पवित्रानं एकेकीला विचारायचं. डंक चालू असला की आतलं बोलणं बाहेर ढिम्म ऐकू येत नाही. मिरची संपली तर मी रिकामा डंक चालवायची. पवित्रा वैतागायची, "अव्वा, मोबाईलमध्ये नुसता धडधडाट आलाय, बाईचा आवाजच नाही." मी म्हणायची, "तू ऐकलंस न्हवं? मग लिही की."

त्या खोलीचं एक सांगायचं राहिलं. पूर्वी या अकरांतल्या झुंबरबाईला आणि तिच्या गल्लीतल्या बायकांना मी मागच्या दारानं यायला सांगायची. कुणी शिकवलं नव्हतं, सासू करायची तसं मी करत होते. पवित्रा कॉलेजातून सुट्टीला आली तेव्हा तिनं काही न बोलता ते दार धान्याची पेटी सरकवून बंद केलं. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पेटी मात्र तिथंच राहिली. अशी ती आहे. बोलते कमी, सरकवते जास्त.

अहवाल छापून आला तेव्हा तिनं मला वाचून दाखवला. "बाई क्रमांक सात सांगते की..." एवढं वाचलं आणि मी थांबवलं.

"ही झुंबरबाई न्हवं? हात भाजल्यावर शेण लावून कामावर गेलती ती?"

"अव्वा, हळू बोल."

"मग झुंबरबाई लिही की. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यागत नंबर कशाला?"

"तिला त्रास होऊ नये म्हणून. मी शब्द दिलाय त्यांना. प्रभुलिंगकाकांचंही नाव नाही त्यात. ते ठेकेदार ख."

"त्याला बी अक्षर? त्याचं तरी नाव घालायचं."

"कुणाचंच नाही. तसा नियम आहे आमचा."

मी मान हलवली. पण मला पटलं नाही. ज्या बायकांच्या बोलण्यावर एवढं जाडजूड पुस्तक उभं राहिलं, त्यांची नावं कुठंच नाहीत. पवित्राचं नाव पहिल्या पानावर, आणि झुंबरबाई क्रमांक सात. हा कसला न्याय, असं मला वाटलं. मला वाटलं ते मी तिला सांगितलं नाही, हीच चूक.

पुढं दोन गोष्टी एकदमच झाल्या. मुंबईत सरकारच्या समितीपुढं अहवाल मांडायला पवित्राला बोलावणं आलं. आणि जिल्हा परिषदेचा आमचा गट बाईमाणसासाठी सुटला. पक्षाचे लोक घरी आले, चहा प्यायले, म्हणाले शिकलेला चेहरा पाहिजे. मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "अव्वा, दहा वर्षं मी लिहितेय. अहवाल कपाटात जातात. एकदा त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं असते त्यांच्यात बसून बघू दे." तिच्या तोंडावर असं काही होतं की मला ती सातवीतली दिसली. शाळेत पोरींना संडास नाही म्हणून एकटी जाऊन हेडमास्तरांच्या दारात बसली होती तेव्हाची. मी त्याच दिवशी मनातल्या मनात तिला निवडून आणलं. शालूबाईचं तोंड कसं होईल तेही बघून घेतलं.

मी विधवा. पण हळदीकुंकू मी करते, पाच वर्षं झाली. पहिल्या वर्षी मोजक्याच बायका आल्या, यंदा अंगण पुरलं नाही. त्या दिवशी पवित्रा कोल्हापुरात पक्षाच्या मुलाखतीला गेली होती. शालूबाई पुढच्या खुर्चीवर, हिरव्या पैठणीत. मी माईक हातात घेतला. आधी म्हटलं, "ज्यांचं कुंकू गेलंय त्यांनी बी पुढं यायचं, हितं कुणाला मागं बसवत न्हाय." टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस चढतो. मी चढले.

"माझ्या लेकीचं पुस्तक मुंबईत सरकारपतोर पोचलंय," मी म्हटलं. "ते कुणामुळं? आपल्या शिरोलीतल्या अकरा बायकांनी धाडसानं तोंड उघडलं म्हणून. त्यांची नावं पुस्तकात न्हाईत. म्हणून मी हितं घेतीया. पयली, झुंबरबाई!"

अशी एकेक. सगळ्यांसाठी खण, नारळ, तांदूळ मी आधीच ताटात मांडून ठेवलं होतं. बायका खाली मान घालून येत होत्या. मला वाटलं लाजतात. स्नेहल उठेचना. वय तेवीस, कडेवर दीड वर्षाची पोर. शेजारणींनी तिला ढकलून पुढं पाठवलं. झुंबरबाईच्या ओटीत मी नारळ घातला तर तिचे हात गार. ती पुटपुटली, "आक्का, हे काय केलासा तुमी."

"अगं खणच हाय, लाजतीस काय!" मी म्हटलं. माईकमध्ये म्हटलं. सगळ्या हसल्या.

शालूबाई हसली नाही. अकराव्या बाईपर्यंत खुर्चीवर टेकून बसून राहिली, मग उठली. जाताना म्हणाली, "सगळ्या आमच्या गाडीतल्याच निघाल्या की, आक्का." तिळगूळ तिनं हातातच ठेवला.

संध्याकाळी पवित्रा आली ती खुशीत. मुलाखत चांगली झाली, तिकीट जवळजवळ नक्की. मी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि हळदीकुंकवाचं सांगायला लागले. दोन घास गेले असतील. ती थांबली.

"नावं घेतलीस? कुणाकुणाची?"

"अकराच्या अकरा. एक बी चुकली न्हाय."

"शालूकाकू होत्या?"

"पुढच्याच खुर्चीत. बघाय पायजे हुतीस तिचं तोंड."

तिनं हात धुतला. ताटात जेवण तसंच. तिनं ते झाकून ठेवलं, आणि तेवढ्या वेळात मला सगळं कळलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कळायला उशीर झाला एवढंच. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ओरडायला उत्तर माझ्याकडं असतं. ती फक्त म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं, तुमचं नाव या भिंतीबाहेर जाणार नाही. तुझ्यासमोर सांगितलं होतं, अव्वा."

सकाळी साडेसहालाच मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बायका आल्या. कोण माझ्याकडं बघेना. सातला गाडी आली. ड्रायव्हरनं खाली उतरून दार धरलं आणि म्हणाला, "ज्यांची ओटी भरली त्यांनी घरात बसायचं. मालकानं सांगटलंय." बाकीच्या चढल्या. गाडी गेली. अकरा जणी डबे हातात घेऊन तिथंच. स्नेहल माझ्यासमोर आली. मला वाटलं रडेल. तिनं पिशवीतून कालचा खण काढला, माझ्या हातावर ठेवला आणि गेली.

दुपारी प्रभुलिंग घरी आला. आला तो मोठ्या मानानं, चप्पल बाहेर काढून, आक्का आक्का करत.

"पवित्राबाळ, तू आमच्या समाजाची हुशार पोरगी," तो म्हणाला. "पर बायकास्नी काय, कुणी गोड बोललं की काय बी सांगत्यात. तू दोन ओळी लिवून दे, की त्यांनी वाढवून सांगटलं. आन फॉर्म भरायच्या भानगडीत पडू नको. परवापासनं गाडी थांबंल."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मग त्यांना आराम. मी कुणाला काढलं म्हणत न्हाय. आराम."

तो गेल्यावर पवित्रानं संस्थेला फोन लावला. माझ्या देखत सांगितलं, मी ज्यांना शब्द दिला त्यांची ओळख फुटली, माझ्या घरातून फुटली. कुणी फोडली हे सांगितलं नाही. मी खुणा करत होते, सांग म्हणून. तिनं पाठ फिरवली. पलीकडून बराच वेळ कोणतरी बोलत होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "चौकशी बसणार. तोवर मुंबईला जायचं नाही, अहवाल कुणाला द्यायचा नाही."

"आन नोकरी?"

"ते चौकशीनंतर."

म्हणजे एका माईकपायी पोरीची दहा वर्षं आणि अकरा घरांची चूल. आणि फॉर्म भरायला चार दिवस उरलेले. डंकावर एक बाई फिरकली नाही. मी मिरचीच्या पोत्यावर बसून राहिले आणि काय करता येईल ते उलटसुलट करत राहिले. माफी मागायची तर कुणाची? बायकांची मागून गाडी थांबत नव्हती. गाडी ज्याच्या हातात, त्याच्या दारात जायला पाय उठत नव्हते. या जन्मात मी शालूबाईच्या घरची पायरी वाकून चढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चढले. हळदीकुंकवाचं वाण घेऊन गेले, म्हणजे रस्त्यात कुणी विचारलं तर सांगायला.

शालूबाईनं मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि वाट बघत बसली. तिला ते शब्द माझ्या तोंडून ऐकायचे होते.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "त्या बायकांचं काय बी न्हाय. गाडी थांबवाय सांग."

"तुमचं चुकलं? आक्का, मोठ्यानं सांगा की. माईक आणू का?"

मी ते गिळलं. आणि गिळताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. का कोण जाणे, बहुतेक रागानंच.

"शालू, पुस्तकात तुझ्या नवऱ्याचं नाव हाय का ते ठावं हाय तुला?"

तिनं आतल्या खोलीकडं बघितलं.

"न्हाय. तो ठेकेदार ख हाय. एमआयडीसीत असले ठेकेदार ढिगानं. आजपतोर ख कोण, हे कुणाच्या बापाला ठावं न्हवतं. आता अकरा बायका घरात बसवल्या की अख्खी शिरोली सांगंल, ख म्हंजे प्रभुलिंग. फौंड्रीवाले परदेशात माल धाडत्यात न्हवं? त्यांचे सायेब वर्साला तपासाय येत्यात. पुस्तक वाचून त्यांनी विचारलं, ह्यो ख कोण, तर बोट दाखवाय गल्लीतलं शेंबडं पोर बी पुरंल. तुमीच पाटी लावून घेतल्यागत हुईल."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रभुलिंग दारात येऊन उभा राहिला. सगळं ऐकत बसला होता.

"आक्का, धमकी देताय व्हय?"

"मी चौथी शिकलेली बाई. मी काय धमकी देणार? वाण द्याय आलते." स्टीलची वाटी मी टीपॉयवर ठेवली आणि निघाले. बाहेर आल्यावर चार घरं सोडून एका कट्ट्यावर टेकले.

सकाळी गाडी थांबली. अकराच्या अकरा चढल्या. पत्र नाही, अट नाही. मी घरी येऊन पवित्राला सांगितलं, काय बोलले तेही सांगितलं. तिनं डोकं धरलं. "म्हणजे माझा अहवाल तू धाक दाखवायला वापरलास. हेपण मला कळवावं लागेल संस्थेला." मग माझ्याकडं बघून एकदम हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "पण अव्वा, हे मला सुचलं नव्हतं."

ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी पक्षाचा फोन आला. तिकीट शालूबाईला.

पवित्रा अंगणात फेऱ्या मारत राहिली. मग म्हणाली, "मी अपक्ष भरते. परवा शेवटचा दिवस आहे." मी म्हटलं, भर. मी म्हटलं, माझ्या बांगड्या घे, डंक घे, काय लागेल ते घे, पण भर. शालूबाईच्या समोर माझी पवित्रा. मला त्या रात्री भीतीही वाटत होती आणि आनंदही होत होता. दोन्ही एकाच जागी दुखत होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी ती कागदपत्रं घेऊन हातकणंगल्याला तहसील कचेरीत गेली. मी डंकावर थांबले. चार दिवसांनी एका बाईची पाच किलो मिरची आली होती. अकराच्या सुमाराला झुंबरबाई दारात.

"गाडीत न्हाय गेलीस?" मी विचारलं.

"अंगात ताप हाय म्हणून सांगटलं. आक्का, ताई फॉर्म भराय गेल्यात म्हणं?"

"व्हय. शालूबाईच्या समोर. बघ आता मजा."

झुंबरबाई बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. "आमी अकरा जणी काल बसलो हुतो. मला सांगाय धाडलंय. ताईस्नी म्हणावं, ह्या वक्ताला उभं राहू नका."

मी डंक बंद केला. "काय म्हणालीस?"

"राग धरू नका. प्रभुलिंगनं आमाला का घेतलं? त्याचं नाव बाहेर पडू नये म्हणून. ताई उभ्या राहिल्या की सभेत बोलणार. न बोलून कसं चालंल? बोलल्या की त्याचं नाव बाहेर पडलंच. मग त्याला आमाला ठेवायची गरजच काय? आन आमी कुणाच्या, ते तर तुमी माईकवर सांगटलंय. उद्यापासनं शालूबाईच्या प्रचाराला आमालाच फिरवणार हाय त्यो. आमी फिरू. फिरायला काय जातंय? पर ताई समोर असल्या तर आमच्या डोळ्याकडंच बघत बसंल त्यो."

"पाच वरसं परत येत न्हाईत, झुंबरबाई," मी म्हटलं. "माझ्या पोरीची नोकरी बी लटकलीया. हे बी गेलं तर तिच्या हातात काय ऱ्हातंय?"

"ते खरं हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. सांगाय आलते. ताई आमाला प्रत्येक वेळी इचारायच्या, बोलायचं का न्हाय ते तुमी ठरवा म्हणून. ह्या वेळी इचाराय त्या हितं न्हवत्या, म्हणून आमीच आलो." एवढं बोलून ती गेली. मागच्या दारानं नाही, पुढच्याच.

फॉर्म भरायची वेळ तीनपर्यंत. मी डंक चालू केला. सांगायला गेलेच पाहिजे असं कुठं होतं? मला पोचायला उशीर झाला असता. फोन लागला नसता. झुंबरबाई उद्या आली असती तर? माणूस स्वतःशी किती बोलतो. मी बोलत राहिले आणि डंक धडधडत राहिला, आणि मिरची कांडून होऊन गेली तरी मी तो थांबवला नाही. वास आला तेव्हा बघितलं. चटणी तापून काळपट झाली होती. बारा वर्षांत माझ्या हातून कुणाची चटणी जळली नव्हती.

फोन लावला तर तो बंद. कचेरीत आत फोन बंद करायला लावतात म्हणे. साडेबाराला मी तशीच, चटणीच्या हातानं, रस्त्यावर आले. एसटी येईना. एका वडापवाल्यानं जीपमध्ये घेतलं, त्यात आधीच बारा माणसं. तो प्रत्येक फाट्यावर थांबायचा आणि मी त्याला शिव्या घालायची. एक पावणा म्हणाला, "मावशी, दवाखान्यात निघालाय काय?" मी म्हटलं, "तसंच समज."

कचेरीत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. गेटवर पोलीस सोडेना. मी म्हटलं, "माझी पोरगी आत हाय, तिचा एक कागद राहिलाय." खोटं बोलले. आत व्हरांड्यात रांग. पवित्राच्या पुढं दोघी, मागं दोघी. पांढरी सुती साडी, कागदांची फाईल छातीशी धरलेली. मला बघून घाबरली.

"काय झालं? गाडी थांबली नाही?"

"थांबली," मी म्हटलं. आणि एवढ्यावरच परत फिरावं असं वाटलं. तिथं भिंतीवर घड्याळ होतं. तीनला चाळीस मिनिटं. "झुंबरबाई आलती," मी म्हटलं, आणि ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढं सरळ कधी कुणाचं बोलणं सांगितलं नसेल.

पवित्रानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या दोघींतली एक आत गेली. रांग सरकली. ती सरकली नाही.

"अकराही जणी?" तिनं विचारलं.

"अकराही."

"तुला काय वाटतं?"

"मला इचारू नको. मला तू निवडून यावीस वाटतंय. मला वाटतंय म्हणून तर हे सगळं झालं."

मागची बाई म्हणाली, "ओ ताई, सरका की पुढं. तीन वाजाय आल्यात."

पवित्रा बाजूला झाली. "तुम्ही जावा," ती म्हणाली. त्या बाईनं तिच्याकडं असं बघितलं जसं कुणी पंगतीतून उठून जागा द्यावी. आम्ही दोघी बाहेर येऊन पायरीवर बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, मी बघितलं. फाईल तिनं मांडीवर ठेवली होती आणि तिच्या कडेचा दोरा सारखा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तीन वाजता शिपायानं आतलं दार ओढून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण माझ्या हाताला चटणी होती.

याला आठवडा होऊन गेला. संस्थेची चौकशी अजून चालू आहे, रोज ती फोनकडं बघते. मुंबईची तारीख गेली. ती परत मागच्या खोलीत बसून काहीतरी लिहिते, मी विचारत नाही. प्रभुलिंगच्या गाडीला आता शालूबाईचा फोटो लावलाय, हात जोडलेला. मतदानाला अजून बरेच दिवस आहेत, आणि मतदान झाल्यावर त्याला कुणाची गरज राहील की नाही, ते मला माहीत नाही. झुंबरबाईलाही माहीत नाही.

मी रोज सातच्या आधी कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. कुणाशी बोलत नाही. गाडी येते, दार उघडतं, बायका चढायला लागतात. स्नेहल अजून माझ्याकडं बघत नाही, ती बहुतेक शेवटी चढते. ती चढून दार लागेपर्यंत मी तिथनं हलत नाही. मग घरी येऊन डंक चालू करते.